दहा शब्द आणि एक फुर्र

शनिवारी सकाळी शॉमबर्गहून मॅडिसनला निघालो. गाडी माझी, काम मुग्धाचं. ती पुण्याची, भाषाशास्त्रात पीएचडी करते. सोमवारी गाइडला एका शब्दाचं दहा वेळा केलेलं क्लीन रेकॉर्डिंग द्यायचं होतं, नाहीतर अख्खा चॅप्टर कॅन्सल. मी नागपूरचा, कोडिंगवाला, म्हणजे आज नुसता ड्रायव्हर.

भाषा तशल्हीत, दक्षिण मोरोक्कोतल्या बर्बर लोकांची. यार, तिच्यात काही शब्दांना स्वरच नाहीत! 'त्क्क्स्त्स्त्त' म्हणजे 'तू ती काढलीस'. घसा थरथरतच नाही, नुसती जीभ आणि हवा. वाटेतल्या रॉकफर्डपर्यंत दोघांनी प्रॅक्टिस केली. समोरची काच आतून ओली झाली.

ज्यांचा आवाज घ्यायचा ते ब्राहीमकाका तिकडचेच, मॅडिसनमध्ये सेटल झालेले. दारात "अझुल" (नमस्कार) म्हटल्यावर खूश. टेबलावर ब्रेड आणि अम्लू (बदाम, मध, अर्गान तेलाची चटणी, मी अर्धी संपवली). शिवाय पुदिन्याचा चहा, माणशी तीन ग्लास. ग्लासाला कान नाही, चहा उकळता. मी सरळ एक बशी मागितली, ओतला, आणि फुर्र.

काका बघतच राहिले. मग त्यांनी ग्लासातूनच माझ्यापेक्षा मोठा भुरका मारला. लागली स्पर्धा. तेवढ्यात मुग्धाने रेकॉर्डर ऑन केला. काकांचा शब्द, माझा फुर्र, शब्द, फुर्र.

तिने हेडफोन काढला. "निख्या, काका कुठे संपतात आणि तू कुठे सुरू होतोस, कळत नाहीये. काका, आता चहा बंद."

"माझ्या घरात पाहुण्यासमोर रिकामा ग्लास? नाही."

"मग घराबाहेर चला. गाडीत."

काकांनी विचार केला. "गाडी याची. म्हणजे तिथे पाहुणा मी." आणि भरलेला ग्लास घेऊन निघाले.

बाहेर बर्फ, काचा बंद, हीटर बंद. पुढे काका आणि माइक घेतलेली मुग्धा. मागे मी, काकांचा ग्लास सांभाळत. काका बोटांवर मोजत होते. दहावा झाला तेव्हा मुग्धाच्या डोळ्यांत पाणी होतं. थंडीनं, म्हणाली.

परत येताना ऐकलं. दहाही शब्द स्वच्छ. आणि मग, फुर्र.

"काका असतील," मी म्हटलं.

"ग्लास कोणाकडे होता?"

ती हसली आणि डिलीट न करता रेकॉर्डर बंद केला.

इथल्या ऑफिसात दोन वर्षं मी आवाज न करता चहा पितोय. घरी पोचल्यावर पहिलं काम केलं: एक बशी धुतली आणि सोमवारच्या बॅगेत टाकली.