अडकून राहिलेलं बोट

मावशी गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऑटोत होते. तिची सून सांगत होती, दुपारी जेवून आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. त्याला आता महिना उलटला. रडून झालं. आता कुसुममावशी आठवली की आधी हसूच येतं... आणि तिला तेच आवडलं असतं.

मावशी उमरेडच्या विणकर घरातली. हातमाग बंद पडला, काका हिंगण्याला कंपनीत लागले आणि मावशीनं लांबरोटीच्या ऑर्डरी घ्यायला सुरुवात केली. सैल कणीक दोन्ही हातांवर झुलवत कोपरापर्यंत ताणायची आणि चुलीवरच्या उपड्या मटक्यावर अलगद टाकायची. हे काम तिनं कधी कुणाला करू दिलं नाही. आमचा हात लागला की रोटी रुसते म्हणायची. माझ्या मुलीच्या लग्नाआधी तिच्या उजव्या हाताचं करंगळीशेजारचं बोट वाकलं की अडकायला लागलं, ताणलेल्या रोटीला भोकं पडायला लागली. "हातच नाही चालला, तर मी या घरात पाहुणी वं," एवढंच म्हणाली. इतकं हळू बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

डॉक्टर तरुण होते, पुण्याहून नुकतेच आलेले. मावशीनं सांगितलं, "बोट अडकून राहिलं ना, डॉक्टरसाहेब." आमच्याकडे याचा अर्थ, अधूनमधून अडकतंय. त्यांनी पुणेरी अर्थ घेतला, अडकलं ते अडकलंच. बोटही नेमकं तेव्हा वाकलेलं. ते बिचारे तळहाताला छेद, टाके, पट्टी असं सगळं समजावू लागले. लग्न तीन आठवड्यांवर! मावशीचे डोळे भरले. पदर डोळ्यांना लावायला तिनं हात उचलला आणि बोट टक् करून सरळ झालं. डॉक्टर बघतच राहिले. "अहो, हे तर उघडतंय की."

"उघडून राहिलं ना... मी काय सांगून राहिली मघापासून?"

मग ते खुर्ची ओढून जवळ बसले. बोट ओढणारी दोरी ज्या पट्ट्याखालून सरकते तो जाड झालाय, म्हणाले. जागा बधिर करून सुईच्या टोकानंच तो मोकळा करता येईल, टाका नाही की चिरफाड नाही. मावशीला हे लगेच पटलं. मागावर धागा गुंतला तर आम्ही कुठं अख्खं लुगडं कापून राहिलो, असं तिनं त्यांनाच ऐकवलं. पुढच्या सोमवारी काम झालंही. जागेपणीच डॉक्टर सांगतील तसं बोट मिटलं, उघडलं, आणि बाहेर आली ती तळहातावर एवढीशी पट्टी मिरवत. ताकीद एकच होती, दोन आठवडे कणीक तिंबायची नाही.

म्हणून ती मला तिंबावी लागली. मावशी पाटावर बसून माझा उद्धार करायची. पाणी कमी, आपटणं कमी, माझं लक्षच कुठं आहे... मला तेव्हा रागच यायचा. लग्नात मात्र रोट्या तिनंच टाकल्या आणि व्याही बुफे सोडून चुलीपाशी येऊन उभे राहिले.

तिचा मटका सुनेनं मला आणून दिला. मागच्या रविवारी चुलीवर ठेवला. चार रोट्या फाटल्या. पाचवी कोपरापर्यंत सुरेख उतरली, मटक्यावर अख्खी पसरली. "जमली वं पोरी," असं म्हणणारं कुणी नव्हतं. मग मीच मोठ्यानं म्हणाले.