येळवशीला बंद पडलेली टाकी

“झाकणाला हात लावलास तर बग. कामून उघडतूस? आत काय लगीन लागलंय व्हय?”

“आक्का, दूध कसं हाय तेवढंच बगतो की.”

“दूध पांढरं हाय. सरक मागं.”

द्वारकाबाईंनी खुर्ची ओढली आणि दुधाच्या टाकीला पाठ लावून बसल्या. युवराज मागं सरकला. तो दूध केंद्राचा मशिनवाला आणि द्वारकाबाई केंद्राच्या प्रमुख. माकणीच्या अलीकडं आमचं गाव. सकाळ-संध्याकाळ सगळ्या गावचं दूध या टाकीत पडतं, थंड होतं आणि दिवस कलल्यावर डेअरीचा टँकर येऊन घेऊन जातो. आज भर दुपारी थंड करणारं मशिन गप्प झालं होतं.

पावसाळ्यात एकदा दूध नासलं, तेव्हाच डेअरीचा साहेब बजावून गेला होता, परत असं झालं तर टाकी उचलून दुसऱ्या गावाला नेईन. टाकी यायच्या आधी गावातल्या बाया फाट्यावरच्या हॉटेलवाल्याला दूध घालायच्या. तो त्यात बोट बुडवून, तोंड वाकडं करून, मनाला येईल तो भाव सांगायचा. ते तोंड कुणालाच परत बघायचं नव्हतं.

तशा द्वारकाबाई घाबरणाऱ्यातल्या नाहीत. त्यांचा नवरा भजनात पेटी वाजवतो, बाकी सगळं गाव द्वारकाबाई वाजवतात. नदीच्या पलीकडं चरणारी म्हैस त्या अलीकडून हाक मारून आणतात, आणि म्हैस येते. केंद्राचा प्रमुख निवडताना लोकांनी शिक्षण कमी अन् हा आवाज जास्त बघितला.

पण मशिन हाकेला येत नसतं. युवराजनं बटण दाबून बघितलं, परत दाबलं, दाबतच राहिला. शेवटी चट् झालं आणि जळका वास सुटला.

“झालं तुजं समाधान?” द्वारकाबाई म्हणाल्या. “आता मुजम्मिलला आण.”

मुजम्मिल माकणीचा मिस्तरी. मोटार असो, फ्रीज असो, त्याच्या हातानं सगळं चालू होतं. पण दिवस होता येळवशीचा, म्हणजे वेळ अमावस्येचा. आमच्याकडं या अवसेला गावात कुत्रंसुद्धा राहत नाही. सगळे रानात जातात, कडब्याची खोप करतात, तिच्यात पाच दगडांचे पांडव मांडून पुजतात. मग शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबट ताकाची आंबील. वाटेनं जाणारा हिंदू का मुसलमान, कुणी बघत नाही. हाताला धरून बसवतात, आणि बसलेला माणूस लवकर उठत नाही. मुजम्मिल सकाळपासून आमच्याच शिवारात या खोपीवरून त्या खोपीवर फिरत होता. फोन लागत नव्हता. रानात रेंज कुठली?

“गाडी बंद करू नगं,” द्वारकाबाईंनी युवराजला बजावलं. “कुणी हाक मारली तर म्हण, पोट बिघडलंय.”

युवराज गेला तो गेलाच. द्वारकाबाई टाकीपाशी बसून राहिल्या. टाकीच्या भिंती जाड असतात. झाकण मिटलेलं असलं तर गारवा आत दम धरतो. पण बातमी कळली तसे रानातून एकेक जण येऊ लागले आणि आला की प्रत्येकाचा हात आधी झाकणाकडं. महालिंगप्पा म्हणजे गावचं वडीलधारं माणूस, तेही काठी टेकत आले.

“द्वारके, जरा वास घेऊन बगतो. मला वासावरनं कळतंय.”

“आप्पा, तुमी तंबाखूचा वास घ्या. ह्याचा टँकरवाला घील.”

आप्पा हसले आणि ओट्यावर बसले. बसता बसता त्यांनीच सांगितलं, “तुजा युवराज माज्या खोपीवर बसलाय की. तिसरी वाटी चाललीय आंबिलीची.”

“आन् पोट बिघडल्यालं?”

“सांगितलं तेनं. म्हनूनच तर आंबील दिली. आंबील पोटाला लई चांगली.”

द्वारकाबाईंनी कपाळाला हात लावला. येळवशीच्या दिवशी उपाशी माणूस रानात धाडला, चूक आपलीच. त्या उठल्या, आप्पांना खुर्चीवर बसवलं, “कुणी झाकणाला हात लावला तर काठी घाला,” म्हणाल्या आणि थेट मारुतीच्या देवळात जाऊन भोंगा सुरू केला.

“समद्या शिवाराला सांगन्यात येतंय. माकणीचा मुजम्मिल मिस्तरी ज्याच्या खोपीवर जेवायलाय, त्यानं त्याच्या म्होरचं ताट उचलावं. टाकी बंद पडलीय. मिस्तरी केंद्रावर येईस्तोवर जो त्याला वाढील, त्याच्या घरचं दूध उद्यापासून म्या घेनार न्हाय. युवराज, तुला बी ऐकू येत आसंल. ती वाटी खाली ठिव.”

त्या केंद्रावर परतून दम खायच्या आत ट्रॅक्टर आला. वर मुजम्मिल, युवराज आणि त्यांना सोडायला म्हणून निघालेली आठ-दहा माणसं. मुजम्मिलचे डोळे आंबिलीनं जड झालेले.

“काय आक्का, हातातला उंडा काडून घेतला की लोकांनी.”

“मशिन चालू कर. उंड्याची पाटी देते.”

त्यानं मशिनची पेटी उघडून जळालेलं स्टार्टर काढलं आणि पिशवीतलं दुसरं बसवलं. “हे बटण दाबूदाबू जळालंय. पर मशिन आदी बंद कामून पडलं?” म्हणत तो मागच्या बाजूला गेला. गरम हवा बाहेर टाकणारा पंखा तिकडंच आहे. जाळीला लावून कडब्याच्या पाच पेंड्या उभ्या होत्या, एकीला एक चिकटून.

“ह्यो कडबा कुनाचा? पंख्याचं तोंडच दाबलंय. मशिन तापून बंद पडलं.”

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. युवराजनं मान खाली घातली. कडबा कुणाचा ते त्याला ठाऊक होतं.

“माजा,” द्वारकाबाई म्हणाल्या. “खोपीला न्यायचा व्हता. बाहीर ठिवला तर जनावरं तोंड घालतील म्हनून सकाळी म्याच लावला तितं. आता बगत काय उभारलाव? उचला.”

महालिंगप्पा खुर्चीवरून म्हणाले, “मंग आता तुज्या घरचं दूध कुनी घ्यायचं न्हाय का?”

हसून हसून एकजण ओट्यावरून घसरला. द्वारकाबाईही हसल्या, पण पेंड्या उचलता उचलता. जाळीतला पाला काढला, पाणी मारलं. मुजम्मिलनं बटण दाबलं. मशिन एकदा खाकरलं आणि लागलं घुमायला.

टँकर आला तेव्हा दिवस डोंगराला टेकला होता. टँकरवाल्यानं झाकण उघडलं, गारवा मोजायचा काटा बुडवला, वास घेतला, बाटलीत थोडं दूध घेऊन औषध घालून बघितलं. ओट्यावर कुणी तंबाखूसुद्धा थुंकलं नाही.

“लावा नळी,” तो म्हणाला.

टँकर गेल्यावर द्वारकाबाईंच्या घरून डबा आला. भज्जी, उंडे, खीर. खोप त्यांच्या रानात यंदा पेंड्यांवाचूनच झाली होती. नवऱ्यानं तुराट्यांवर भागवलं म्हणे.

“खाऊन घ्या आक्का,” युवराज म्हणाला.

“मुजम्मिलला वाढ. म्या कबूल केलंय.”

रानातून परतलेल्या बाया किटल्या घेऊन दारात उभ्या राहायला लागल्या होत्या. द्वारकाबाईंनी पदर खोचला, माप धुतलं आणि म्हणाल्या,

“हं, कुनाची किटली म्होरं? आन् कडबा आनला आसंल तर आदी लांब ठिवा.”