पांडेलीसच्या गळ्यातला कुत्रा

वडिलांच्या गळ्यातला काळा दोरा अर्गिरोच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. बंदरावरच्या औषधाच्या दुकानात चिठ्ठ्या वाचताना, लेकीचे केस विंचरताना मध्येच तिला बापाची, पांडेलीसची मान दिसायची. उन्हानं रापलेली, सुरकुतलेली मान आणि तिच्याभोवती तो दोरा. कुणी मागून धरून ओढला तर? अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस किती वेळ तग धरेल?

दोऱ्याला एक कापडी पिशवी होती. अर्गिरोच्या आईच्या जुन्या डोईरुमालातून शिवलेली. आत धुपाचे दोन खडे आणि एक नाणं. काशाचं, हिरवट पडलेलं, अंगठ्याच्या नखापेक्षा जरासं मोठं. एका बाजूला दाढीवाला पुरुष, दुसऱ्या बाजूला अर्धाच कुत्रा, पुढचे पाय उचललेला. त्याच्याभोवती किरण आणि पायाशी मधमाशी.

पांडेलीसनं सगळं आयुष्य दोनच कामं केली, मधमाश्या पाळल्या आणि दगडी बांध रचले. केआ बेटाच्या या उतारावर चुना-मातीशिवाय नुसता दगडावर दगड बसवावा लागतो, आणि त्याच्या हातचा बांध पावसात कधी सुटला नाही. चाळीसएक वर्षांपूर्वी अंजिराजवळचा बांध उकलताना त्याला हे नाणं सापडलं. जमिनीतून निघालेली जुनी वस्तू सरकारची, ती लगेच कळवायची, हे बेटावर शाळेतल्या पोरांनाही ठाऊक असतं. त्यालाही होतं. पण त्याच आठवड्यात सात महिन्यांच्या अर्गिरोला ऑगस्टच्या उकाड्यात तापाचे झटके आले. बायकोनं नाणं पिशवीत घालून पोरीच्या झबल्याला टाचलं. ताप उतरला. त्यानंतर नाणं परत करणं म्हणजे पोरीचा जीवच परत करणं, असं त्याच्या मनानं घेतलं.

नाण्यावरच्या चित्रांचा अर्थ त्याला पुढे कळला. खाली कार्थियाच्या जुन्या शहरात उत्खननाला आलेल्या एका बाईला तो मध नेऊन द्यायचा. तिनं एकदा कागदावर असंच नाणं काढून दाखवलं. दाढीवाला तो अरिस्तेओस, माणसांना मधमाश्या पाळायला शिकवणारा. कुत्रा म्हणजे व्याधाचा तारा. एकदा हा तारा उगवला आणि बेटं होरपळली, माणसं पटापट मरू लागली. तेव्हा अरिस्तेओसनं येऊन पूजा बांधली आणि उत्तरेचा वारा चाळीस दिवस वाहता केला. मग दरवर्षी बेटावरचे लोक डोंगरावर जाऊन ताऱ्याची वाट बघायचे. स्वच्छ उगवला तर वर्ष निरोगी, धूसर उगवला तर रोगराई.

"आणि ज्याची एवढी धास्ती, तो कुत्रा नाण्यावर कशाला?" पांडेलीसनं विचारलं होतं.

"काशाचं नाणं म्हणजे बाजारातली चिल्लर," बाई म्हणाली होती. "भाकरी घेताना, मासे घेताना रोज हातात. भीती अशी मुठीत धरली की जरा माणसाळते."

हे वाक्य तो घरी शंभरदा सांगायचा. पिशवीबद्दल मात्र बाईपाशी एक अक्षर बोलला नाही.

घात झाला तो यंदाच्या जुलैत, सत्तावीस तारखेला. संत पांडेलेइमोनासचा दिवस म्हणजे पांडेलीसच्या नावाचा दिवस. त्या दिवशी घराचं दार सताड उघडं असतं, बोलावणं कुणालाच नसतं आणि येईल तो पाहुणा. पांढऱ्या शर्टातला एक अनोळखी माणूस आला, "काका, शंभर वर्षं जगा" म्हणाला. त्याला तीळ-मधाची वडी मिळाली, राकीच्या दारूचा पेला मिळाला. तू कोण, कुठला, हे विचारणं त्या दिवशी पाप. तिसऱ्या पेल्यानंतर पांडेलीसनं पिशवी उघडली.

"वा! कुठं सापडलं हो काका?"

"खाली, अंजिराशेजारच्या बांधात," पांडेलीस ऐटीत म्हणाला. "तिथं अजून काय काय निजलंय, देव जाणे!"

अर्गिरो वड्यांचं ताट घेऊन तिथंच उभी होती.

चौथ्या दिवशी अंजिराजवळचा बांध ढासळलेला दिसला, आजूबाजूला गुडघाभर खड्डे. मग फोन आला. "काका, आपलं बोलणं अर्धंच राहिलं. नाणं द्या आणि बाकीची जागा दाखवा." पांडेलीसनं शिवी हासडून फोन ठेवला. दुसऱ्या सकाळी मधाच्या तीन पेट्या पालथ्या पडलेल्या होत्या, प्रत्येकीवर एकेक दगड नीट मांडून ठेवलेला.

"पोलिसांना सांगू या, बाबा."

"आणि ते काय विचारतील? चोरांना तुमचीच जमीन कशी सापडली? पलीकडच्या बेटावरचा तो मच्छीमार आठवतो ना? जाळ्यात आलेला एक जुना रांजण अंगणात ठेवला, तर सहा वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवत होता. सुटला तेव्हा ओळखू येत नव्हता. मला चार भिंतींत मरायचं नाही, पोरी. तुझ्या आईची शपथ आहे तुला."

अर्गिरोनं शपथ घेतली, आणि त्या दिवसापासून तिची झोप गेली. नवरा जहाजावर, महिनोन्‌महिने समुद्रात. ती सुट्टी टाकून आठ वर्षांच्या लेकीला, अन्थूलाला, घेऊन वडिलांच्या डोंगरावरच्या घरी राहायला आली. वारा पडलेला, पानही हलत नव्हतं, आणि दार करकरलं तरी ती उठून कडी चाचपायची.

ऑगस्टच्या पहिल्या बारा दिवसांवरून येत्या बारा महिन्यांचं हवामान ताडायची इथली रीत आहे. पांडेलीस दरवर्षी पहाटे खळ्यावर बसून आभाळ बघायचा आणि चर्चच्या कॅलेंडरमागे पेन्सिलीनं खुणा करायचा. यंदाही बसत होता. फक्त यंदा त्याची पाठ समुद्राकडे आणि तोंड अंजिराकडे असायचं.

दहाव्या पहाटे अर्गिरोला जाग आली तर त्याचं अंथरूण रिकामं. ती अनवाणीच खळ्याकडे धावली. तो होता. मांडीवर बांध रचायचा हातोडा.

"बाबा, अहो, हा हातोडा कशाला?"

"येत्या वर्षाचा पाऊस ठोकून बघतोय." तो हसला, पण आवाज कोरडा होता. "बस. ती तुझ्या आईची शाल घे पायांवर. ती असती तर मला आधी बोलून घेतलं असतं आणि मग कॉफी दिली असती."

"मीही बोलेन. कॉफी नाही देणार."

"बरं झालं, तुझी कॉफी मला कधी आवडली नाही."

अर्गिरोला हसू आलं आणि त्याच क्षणी रडूही. समुद्रावर पांढुरकं होऊ लागलं होतं. पाण्यालगत एक ठिपका वर आला, तांबूस, गढूळ, थरथरता. पांडेलीसनं एकदाच मान वळवून पाहिलं.

"धूसर उगवला कुत्रा," तो हळूच म्हणाला.

अर्गिरो विद्यापीठात शिकलेली होती. क्षितिजावर धूळ असली की तारा तसाच दिसतो हे तिला माहीत होतं. तरी तिनं शाल अंगाभोवती ओढून घेतली.

तेवढ्यात खाली, अंजिराजवळ, दिवा लागला. मग दुसरा. दगड गडगडल्याचा आवाज स्पष्ट वर आला. कुणी आवाज दबवायचाही प्रयत्न करत नव्हतं.

पांडेलीस उठला.

"बाबा, नाही! ते दोघं-तिघं आहेत."

"माझ्या बापानं रचलेला बांध आहे तो."

"नाणं देऊन टाका त्यांना! जीवापुढे काय आहे ते?"

"दिलं असतं गं. पण ते नाण्यावर थांबणार नाहीत. सगळा उतार उकरतील." त्यानं पिशवी गळ्यातून काढली आणि तिच्या मुठीत कोंबली. "अन्थूलापाशी जा. दाराला आतून कडी लाव."

तिनं त्याची बाही धरली. त्यानं ती हळूच सोडवली, लहानपणी रस्ता ओलांडल्यावर तिचं बोट सोडायचा तशी, आणि पायवाटेनं खाली निघाला. आयुष्यभराच्या ओळखीच्या दगडांवरून जाताना आज त्याचा पाय दोनदा घसरला.

खळ्याच्या पूर्वेच्या कोपऱ्यातच तेवढी रेंज यायची. अर्गिरो तिथं उभी राहिली. एका हातात फोन, दुसऱ्यात पिशवी. बंदरावरच्या पोलीस चौकीचा नंबर दुकानाच्या भिंतीवर लावलेला असायचा, तिला तो पाठ होता. खाली दोन्ही दिवे एकदम वर वळले. वडिलांची वाकलेली आकृती त्या उजेडात सापडली. कुणीतरी हसलं.

आईची शपथ तिला आठवली. त्या मच्छीमाराचा चेहराही आठवला. चौकीतला माणूस पहिला प्रश्न काय विचारेल तेही माहीत होतं. खोटं सांगितलं तर आणखी दहा प्रश्न विचारतील, आणि तेवढा वेळ खाली उभ्या असलेल्या माणसाकडे नव्हता. तिनं मूठ घट्ट आवळली. नाण्याची कड तळहातात रुतली.

सगळं खरं सांगायचं, अगदी नाण्यापासून, असं ठरवून तिनं नंबर लावला.