सल्ला देईल त्यानेच भाला आणायचा

फिनलंडमधल्या आमच्या गावात भाला कसा फेकावा हे न कळणारा माणूस फक्त पाळण्यात सापडतो. रेइमा सर सव्वीस वर्षं शाळेत भालाफेक शिकवतायत, आणि तितकीच वर्षं आम्ही दहाबारा जाणकार कॉफीचा थर्मास घेऊन मैदानाच्या कुंपणाला टेकून उभे. घरी बायकोशी दिवसाकाठी चार शब्द बोलणारे आम्ही, पण तिथे आमची तोंडं बंद व्हायची नाहीत.

"कोपर वर घे गं."

"आधी पाय बघ तिचे."

पोरं गोंधळायची आणि भाला आडवा पडायचा.

शेवटी सरांनी नियम काढला: सल्ला देईल त्यानेच भाला उचलून आणायचा. पहिल्याच दिवशी माझ्या चार फेऱ्या झाल्या. गुडघे बोलायला लागले, तसा मी गप्प झालो. आठवड्याभरात अख्खं कुंपण गप्प, आणि भाले लांब जायला लागले.

परवा सरांच्याच तोंडून निसटलं, "हिल्ला, कोपर वर."

हिल्लाने फेकला. भाला पार टोकाच्या गवतात रुतला.

"सर, जा आता," ती म्हणाली.

सर निमूट निघाले. ते पाठमोरे होताच आम्ही तिला तीन आठवड्यांचे तुंबलेले सल्ले देऊन टाकले. ते परतल्यावर तिने पुन्हा फेकला, तर भाला पाच पावलांवर पडला.

तो आणायला मात्र आम्ही सगळे तयार होतो.