टेबलाखालची पिंकी

मी टेबलाखाली बसले होते आणि अकरा माणसं मला बाहेर काढायचा प्रयत्न करत होती. माझं वय बावन्न. गुडघा दुखत होता. टेबल ग्रामपंचायतीचं होतं, त्यामुळे मजबूत होतं, पण उंच नव्हतं.

"बाळा, घाबरू नकोस," दिलीपशेठ वाकून म्हणाले. "हे घर तुझंच आहे. तुला स्वतंत्र खोली आहे. वायफाय आहे."

मी तोंड फिरवलं. कारण मी इंदू नव्हते, पिंकी होते. पिंकी आठ वर्षांची आहे आणि तिला वायफाय नको आहे.

हा काय प्रकार आहे ते सांगते. आमची संस्था उल्हासनगरात आहे. तिथलं बालगृह म्हणजे ज्या मुलांना घर नाही किंवा ज्यांचं घर सध्या मोडलेलं आहे, त्यांना ठेवण्याची जागा. मी तिथे वीस वर्षं स्वयंपाकघरात आणि मुलांत काम केलं. आता आम्ही मुलांना गावातल्या कुटुंबांत ठेवतो. त्याला फोस्टर केअर म्हणतात. हे दत्तक नाही. मूल त्या घरात काही वर्षं राहतं, जेवतं, शाळेत जातं, पण कागदावर त्यांचं होत नाही. त्याची आई बरी झाली, बापाचा ठिकाणा लागला, तर ते परतही जाऊ शकतं. म्हणजे जीव लावायचा आणि हात मोकळे ठेवायचे. हे सोपं नाही, म्हणून अशा कुटुंबांना आधी ट्रेनिंग देतात.

ट्रेनिंग आमच्या प्रज्ञा मॅडम देतात. त्या एमएसडब्ल्यू आहेत आणि माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. पहिल्या ट्रेनिंगला त्यांनी मला म्हटलं, "इंदूताई, तुम्हाला मुलांचा इतका अनुभव आहे, दहा मिनिटं बोला." मी उभी राहिले. दहा मिनिटं तशीच उभी राहिले. मग चहा आला आणि मी बसले. मी चौथी शिकलेली आहे, पण कारण ते नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ आत ओढली जाते. लिहायला बसलं की तसं होत नाही.

मॅडमनी दुसरा उपाय काढला. रोलप्ले. म्हणजे सोंग. कुणीतरी मूल व्हायचं, पालकांनी त्याला सांभाळून दाखवायचं. बोलायचं नाही, रुसून बसायचं, एवढंच काम असल्यामुळे ते माझ्याकडे आलं. आणि मला ते जमलं. पिंकी झाले की मी कुणालाच घाबरत नाही.

त्या दिवशीची पिंकी मात्र उगाच नव्हती. आमच्याकडे एक मुलगी होती. मुलांची खरी नावं लिहायची नसतात, म्हणून तिला मनू म्हणते. आठ वर्षांची. बोलायची नाही, खाटेखाली बसायची, कुणी ओढलं तर चावायची. बदलापूरला बेलवलीतल्या एका कुटुंबात ती नऊ दिवस राहून परत आली होती. माणसं चांगली होती. "आम्हाला जमत नाही हो," म्हणत ती बाई आमच्या ऑफिसात रडली. मनू नाही रडली. ती सरळ आत गेली आणि स्वतःच्या खाटेखाली बसली. एकदा परत आलेलं मूल दुसऱ्यांदा परत आलं, तर तिसऱ्यांदा ते कुणाच्या दारात पायच ठेवत नाही. हे मी वीस वर्षांत पाहिलं आहे. शुक्रवारी बालकल्याण समितीपुढे तिच्यासाठी एका कुटुंबाचं नाव द्यायचं होतं. कुठलं मूल कुठे राहील हे ती समिती ठरवते. वांगणीजवळच्या या गावात सहा घरांची माणसं ट्रेनिंगला आली होती. त्यांतलं एक घर मनूसाठी निवडायचं होतं.

म्हणून मी त्या दिवशी मनूसारखी बसले.

मॅडमकडे फॉर्म होता. दहा प्रश्न. मुलाच्या नजरेच्या पातळीवर बसले का? आवाज मृदू होता का? नाव विचारलं का? मुलाच्या भावना शब्दांत मांडल्या का? प्रत्येकाला पाच मिनिटं.

दिलीपशेठ नजरेच्या पातळीवर बसले, नाव विचारलं, "तुला भीती वाटतेय, हो ना?" असं म्हणून भावनाही मांडल्या. गावात कुणाचाही सत्कार असला की भाषण तेच करतात. पाच मिनिटांत त्यांनी मला शाळा, सायकल, कुत्र्याचं पिल्लू आणि महाबळेश्वर दिलं, हात पुढे करायला मात्र त्यांना सवड मिळाली नाही. मॅडमनी दहापैकी नऊ मार्क लिहिले.

त्यांच्यानंतर अंबरनाथ एमआयडीसीत शिफ्टला जाणारे एक दादा आले. कंपनीत त्यांचं सेफ्टीचं ट्रेनिंग झालेलं होतं. "तू तिकडून उभी राहा," त्यांनी बायकोला सांगितलं. "मी इकडून घेतो. पॅनिक व्हायचं नाही." आणि त्यांनी माझा घोटा धरला.

मनू चावते. म्हणून मी चावले.

"ओ मॅडम! ही खरंच चावते!"

"मुलंही खरंच चावतात," मॅडम म्हणाल्या आणि त्यांच्या फॉर्मवर काहीतरी लिहिलं. दुपारी मी त्या दादांना दोनदा चहा नेऊन दिला. वर बघायची हिंमत झाली नाही.

शेवटी राहिली चंद्राबाई. ती आणि तिचा नवरा बाळाराम भाजीपाला करतात. पोरं मोठी होऊन बदलापूरला गेलेली. सकाळपासून दोघं मागे बसली होती आणि चंद्राबाई सारखी दाराकडे बघत होती. दाराबाहेर बचत गटाच्या बायका आमचं जेवण करत होत्या आणि वाल सोलायचे राहिले होते. ज्यांनी वालाचं बिरडं केलं आहे त्यांना माहीत आहे. भिजवून मोड आलेला एकेक वाल चिमटीत धरून सालातून काढावा लागतो. अठरा माणसांचे वाल म्हणजे अर्धा दिवस.

"चंद्राबाई, तुमची पाच मिनिटं सुरू," मॅडम म्हणाल्या.

चंद्राबाईनं टेबलाखाली एकदा पाहिलं. "बसूंदे तिला," म्हणाली. बाहेर गेली, वालाचं पातेलं घेऊन आली, आणि टेबलाला टेकून माझ्याकडे पाठ करून बसली. सोलायला लागली.

सगळे बघत राहिले.

"अहो, मुलीशी बोला ना," दिलीपशेठ म्हणाले.

"तिला बोलायचं नाय तर मी कशाला बोलू?"

पाच मिनिटं संपली. मॅडमनी घड्याळ दाखवलं. "होऊंदे," चंद्राबाई म्हणाली आणि सोलत राहिली. मला मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं, कुणी खाली बसून, हळू आवाजात, नाव विचारून हात पुढे केला तरच बाहेर यायचं. चंद्राबाईनं यातलं काहीच केलं नव्हतं. पण समोर पातेलंभर वाल, सोलणारी एकटी, आणि माझे दोन हात रिकामे. माझा एक हात कधी बाहेर गेला ते मला कळलं नाही. मी एक वाल उचलला. साल पिळलं. चंद्राबाईनं मागे वळून पाहिलं नाही. फक्त पातेलं हातभर मागे सरकवलं.

थोड्या वेळानं मी कमरेपर्यंत बाहेर होते. मग सगळीच.

"जेवशील ना गो?" ती वालांकडे बघत म्हणाली. मी मान हलवली. मग सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि मी पुन्हा इंदू झाले आणि मला कुठे तोंड लपवू असं झालं.

चंद्राबाईच्या फॉर्मवर दोन मार्क होते. खाली बसली म्हणून एक आणि ओरडली नाही म्हणून एक.

गुरुवारी ऑफिसात मीटिंग झाली. आमचे सर, म्हणजे संस्थेचे प्रमुख, सिंधी आहेत. मीटिंग असो, भांडण असो, कुणीही आलं तरी पहिल्यांदा पाणी आणि भाजलेला पापड. मीटिंगमध्ये पापड खाल्ला की आवाज होतो, म्हणून मी तो तोंडात ठेवून भिजू देते.

"अरे बाबा, इसमें सोचना क्या है?" सर म्हणाले. "दिलीपशेठ नऊ, ती बाई दोन. पेपर तर समितीत हाच जाणार ना?"

"सर, पण इंदूताई दिलीपशेठकडे बाहेर आल्या नाहीत," मॅडम म्हणाल्या.

"का नाही आली? बोल इंदू."

मी पापड गिळला. बोलायचं सगळं डोक्यात होतं. दिलीपशेठचं घर चांगलं आहे, माणूसही चांगला आहे, पण मनूला तिथे पाठवू नका, ती दहाव्या दिवशी परत येईल. एवढंच बोलायचं होतं. सर बघत होते. अकाउंटंट बघत होते. जीभ आत गेली.

"ठीक आहे," सर म्हणाले. "नाही बोलत, तर मग नऊवाला फायनल."

त्यांनी पेन उचललं. तेवढ्यात प्रज्ञा मॅडम माझ्याकडे वळल्या आणि वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, "पिंकी, तू दिलीपकाकांकडे का नाही गेलीस?"

"ते थांबतच नव्हते," मी म्हटलं.

सरांचं पेन थांबलं.

"आणि काय गं पिंकी?"

"सगळे मला बाहेर ये, बाहेर ये करत होते. मी बाहेर आले नसते तर त्यांना राग आला असता. तिला नसता आला. ती तिचं काम करत होती."

"मग तू आलीस कशाला?" सरांनी विचारलं.

"तिचे वाल संपत नव्हते."

सर मोठ्यानं हसले. मग हसायचे थांबले. "पण समितीला मी काय सांगू? दो मार्क्स आणि वाल?"

"मी सांगते," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चंद्राबाईच्या घराचा सगळा रिपोर्ट पुन्हा लिहिला, फॉर्म तसाच जोडला आणि खाली, दोन मार्क असूनही हेच घर का, ते पानभर लिहिलं. समितीनं मनूला आधी महिनाभर पाठवून बघायला सांगितलं.

पाचव्या दिवशी मॅडम आणि मी गृहभेटीला गेलो. मूल गेलेल्या घरी जाऊन बघायचं, त्याला गृहभेट म्हणतात. बाळाराम दारातच भेटला.

"मॅडम, पाच दिस झाले. घरातला लसूण सोलून झाला. शेंगा झाल्या. आता शेजारणी त्यांचा लसूण आणून ठेवतात, तो पण झाला. आता काय सोलू, भिंत?"

आत चंद्राबाई खाटेला टेकून वाल सोलत होती. मनू खाटेखाली. जेवते, झोपते, बाहेर कुणी नसलं की परसात जाऊन येते, पण माणसं दिसली की खाली.

मॅडमचा चेहरा उतरला. मला काय झालं कुणास ठाऊक. सवयीचा परिणाम असेल. मी पदर खोचला आणि खाटेखाली शिरले.

मनूनं माझ्याकडे पाहिलं. बालगृहात तिला दोन वेळा जेवायला मीच वाढत होते, पण खाली तिच्या जागेत मी कधी आले नव्हते. मी आत सरकले. खाट टेबलापेक्षा बुटकी होती आणि मी पिंकीपेक्षा जाड आहे. मनू भिंतीला लागली.

"जागा नाय इथे," ती म्हणाली.

तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. थोडा घोगरा होता.

मी हलले नाही, कारण मला हलता येत नव्हतं. मनूनं थोडा वेळ वाट पाहिली. मग माझ्या पाठीवरून सरपटत, माझ्या केसांवर गुडघा देऊन ती बाहेर गेली. मला खालून फक्त पाय दिसत होते. तिचे पाय दोनदा दाराकडे गेले, परत आले, आणि चंद्राबाईशेजारी बसले. मग सालं पडायचा आवाज दोन ठिकाणांहून यायला लागला.

"याला साल राह्यलंय," मनू म्हणाली.

"ते ह्यांनी सोललेलं," चंद्राबाई म्हणाली. "त्यांना काय जमत नाय."

मग ती वाकली आणि माझ्याकडे बघत म्हणाली, "आता तू येतंस का गो बाहेर, का तुझ्यासाठी पण बसू पाच दिस?"

मला बाहेर काढायला बाळाराम आणि मॅडम, दोघं लागले. घोटाच धरावा लागला. मी चावले नाही.

मनू तिथेच आहे. शाळेत जाते. वर्गात अजून बोलत नाही, पण घरी बाळारामाच्या चुका काढते. दिलीपशेठकडे दोन महिन्यांनी एक मुलगा गेला. तो त्यांच्यापेक्षा जास्त बोलतो. दोघांचं छान चाललं आहे, एकमेकांचं कुणीच ऐकत नाही.

पुढच्या ट्रेनिंगला मॅडमनी चंद्राबाईला बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, "त्या दिवशी तुम्ही मुलीला मुद्दाम हाक मारली नाही. तुमच्या मनात नेमका काय विचार होता?"

"विचार कसला? जेवायला उशीर होत होता," चंद्राबाई म्हणाली.

मी टेबलाखाली होते, म्हणून मला पोटभर हसता आलं.

मॅडमनी फॉर्ममध्ये अकरावा प्रश्न घातला आहे. 'मूल बाहेर न आल्यास पालक निवांत बसू शकतात का?' हे आजूबाजूच्या गावांत लगेच पसरलं. आता ट्रेनिंगला येणारं प्रत्येक जोडपं येताना वाल घेऊन येतं, टेबलाला पाठ लावून बसतं, आणि दर दोन मिनिटांनी हळूच मागे बघतं, पिंकी आली का म्हणून. अशांसाठी मी बाहेर येत नाही. त्यांच्या हातून वाल पण नीट सोलले जात नाहीत. पण अठरा माणसांचं बिरडं मात्र आता वेळेवर होतं.