आधी स्टुलावर बसा

आमच्या ह्यांना आख्खी गल्ली ‘साठ-पंचावन्न’ म्हणते. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, शाळेतल्या मार्कांवरून पडलं असेल नाव. तसं नाही. हे गाड्यांच्या वायरिंगची कामं करतात, आणि साध्या हेडलाइटमधला हॅलोजनचा बल्ब साठ-पंचावन्न वॅटचा असतो. लांबच्या उजेडाला साठ, जवळच्याला पंचावन्न. कोणी येऊन म्हणालं की जरा जास्त पॉवरचा टाका, की ह्यांचं ठरलेलं उत्तर, साठ-पंचावन्न, त्याच्या वर नाही. एवढं बोलून हे पुन्हा वायरींत डोकं घालतात आणि गिऱ्हाईक उभंच्या उभं.

दुकान घराच्या खालीच आहे. एक लांबट खोली, पुढे शटर, मागे पांढरी भिंत, आणि वर घरात यायला आतून जिना. गाडी तोंड भिंतीकडे करून आत घेतात, भिंतीवर काळी चिकटपट्टी लावलेली आहे, तिच्यावरून उजेडाची उंची जुळवतात. हे कोणाला नाही म्हणून परत पाठवतात असं नाही हं. उजेड वाढवून हवा ना, हे म्हणतात, वाढवू की, पण कायद्यात बसेल तेवढा. मग पिवळी पडलेली काच घासून चकचकीत करतील, गंजलेलं अर्थिंग नवीन करतील, वायर जाड टाकतील, बल्ब बदलायचा तर चांगल्यातली जोडीच बदलतील, तीही रुमालात धरून, कारण काचेला बोटाचं तेल लागलं तर बल्ब लवकर जातो. पण ज्या हेडलाइटला जो बल्ब बसतो म्हणून पास झालाय तोच टाकणार. दोष वायरीत आणि लोक बदलतात बल्ब, ह्यावर ह्यांची एक म्हण ठरलेली आहे: दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. ती मी इतक्यांदा ऐकली आहे की आता ती म्हैसही मला ओळखत असेल.

आणि ते स्टूल. काम झालं की हे शटर अर्धं खाली ओढतात, दिवे लावतात आणि गिऱ्हाइकाला भिंतीला पाठ लावून गाडीसमोर स्टुलावर बसवतात. समोरून येणाऱ्या ड्रायव्हरचे डोळे साधारण तेवढ्याच उंचीवर येतात. मग हे स्वतः बंपरजवळ उभे राहून हात वर करतात आणि विचारतात, किती बोटं? दिवा नीट लावलेला असेल तर उजेड डोळ्यांच्या खाली राहतो आणि बोटं बरोबर मोजता येतात. मोजता आली नाहीत तर गाडी दुकानातून हलत नाही. मोठमोठे लोक त्या स्टुलावर बसून शाळेतल्या पोरांसारखे ‘तीन’, ‘दोन’ करतात. मला आधी हसू यायचं, नंतर राग यायला लागला, कारण समोरच ‘चकाचक’ नावाचं दुकान उघडलं आणि तिथे कोणाला काही विचारत नाहीत. मागाल तो पांढराशुभ्र एलईडी साध्या हेडलाइटमध्ये खुपसून देतात. ह्यांना सांगून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी!

तर माझा दादा. माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. वडील लवकर गेले, माझ्या शाळेच्या प्रत्येक फॉर्मवर पालक म्हणून सही त्याचीच. मला अजूनही ‘धाकटी’ म्हणतो, माझे केस पांढरे झाले तरी. त्याची दहा सीटची गाडी आहे. बावीस वर्षं तो एका हॉस्पिटलच्या नर्सना पहिल्या पाळीला नेऊन सोडतो, म्हणजे निघायचं ते अंधारातच. त्या गाडीला ओरखडा म्हणून नाही.

मागच्या वर्षी दादा आला, म्हणाला, हेडलाइट कमी वाटतो. ह्यांनी काचा घासल्या. पंधरा दिवसांनी परत आला, अजून कमीच. ह्यांनी बल्बची जोडी बदलली. तिसऱ्यांदा आला तेव्हा ह्यांनी मीटर लावून बघितलं, बॅटरीकडून निघालेली वीज बल्बपर्यंत पुरती पोचत नव्हती, म्हणून सगळी वायर नवी टाकली. दिवे असे लागले की भिंतीवरची खिळ्याची भोकं मोजावीत. दादा बघत राहिला आणि म्हणाला, कुठे काय फरक पडला? आणि चौथ्यांदा आला तो सरळ शंभर वॅटचे बल्ब मागायलाच. ह्यांनी त्यालाही तेच सांगितलं. साठ-पंचावन्न.

दादा तसाच निघून गेला. मी मात्र गप्प बसणारी नाही. वर येऊन ह्यांना चांगलं फैलावर घेतलं. ज्या माणसाने मला वाढवलं, तुमच्या पडत्या काळात ज्याची गाडी तुम्ही महिनाभर वापरलीत, त्याच्यासाठी एवढंसं होत नाही तुमच्याने? कायदा काय त्या चार बोटांच्या बल्बवर उभा आहे? हे म्हणाले, ऐक तरी. मी ऐकलं नाही. त्या दिवसापासून आठ दिवस मी ह्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. जेवण टेबलावर ठेवायचं, झाकण खाडकन वाजवायचं, ज्याला भूक असेल तो येईल.

दादाने त्याच दिवशी ‘चकाचक’मधून एलईडी बसवून घेतले. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. आठव्या दिवशी गाडीचं वर्षाचं पासिंग होतं. तपासणाऱ्याने दिवे लावले, मान हलवली आणि कागदावर लिहून दिलं, हे काढा, साधे बसवून आणा, मग बघू. दुपारी दादाची गाडी आमच्या शटरसमोर येऊन उभी राहिली.

आता हे त्याला टोमणे मारतील या भीतीने मी चहा करायला घेतला, म्हणजे खाली जायला निमित्त. पण ह्यांनी टोमणा मारला नाही. मी जिन्यात आले तेव्हा एलईडी काढून झाले होते, साधे बल्ब बसले होते, उंची जुळवून झाली होती. ह्यांनी शटर अर्धं ओढलं आणि म्हणाले, “दादा, बसा स्टुलावर.”

दादा म्हणाला हे पोरखेळ माझ्याशी नकोत, बावीस वर्षं गाडी चालवतोय. पण बसला. मी दोन कप हातात घेऊन ह्यांच्या शेजारी, बंपरजवळ येऊन उभी राहिले. दिवे लागलेले होते. उजेड दादाच्या छातीपर्यंत होता, चेहरा सावलीत. ह्यांनी हात वर केला आणि विचारलं, किती बोटं?

“चार,” दादा म्हणाला.

ह्यांची मूठ मिटलेली होती.

ह्यांनी हात खाली घेतला नाही. उत्तर चुकलं हे दादाला कळलं असावं. त्याने गुडघ्यांवर हात घासले. मग म्हणाला की काही दिसत नाही. दिवा असा फुटल्यासारखा पसरतो, समोरून गाडी आली की सगळं दूध सांडल्यागत होतं, त्या पांढऱ्या बल्बनी तर अजूनच. चार महिने झाले. रस्ता पाठ आहे म्हणून चालवतोय. डॉक्टरकडे जायचं तर आईचं आठवतं. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दादानेच हट्ट धरून करवलं होतं, आणि तो डोळा गेला. त्याचा त्यात काही दोष नव्हता, हे आम्ही सगळ्यांनी सांगून झालं, त्याच्या मनातून ते गेलं नाही.

“भावोजी, धाकटीला यातलं सांगू नका,” तो म्हणाला. “तिच्या जिवाला घोर लागेल.”

मी त्याच्यासमोर उभी होते. आठ-दहा पावलांवर. तो माझ्याच दिशेने बघून बोलत होता. मी दोन्ही कप बॉनेटवर ठेवले.

“मी इथेच आहे, दादा,” मी म्हणाले. ह्यांनी दिवे बंद केले, तेव्हा कुठे त्याला मी दिसले.

पुढचं झालं ते सरळ झालं. गाडीची किल्ली त्याने आपणहून ह्यांच्या हातात ठेवली. दुसऱ्या दिवशी मी त्याला दंडाला धरून डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. एक डोळा झाला, चांगला झाला, दुसरा पुढच्या महिन्यात आहे. तोवर गाडी दुसरा ड्रायव्हर चालवतो, त्याच साठ-पंचावन्नवर, आणि गाडी पासही झाली.

पण किल्ली घेतली त्या संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, तुम्हाला कधी कळलं? म्हणाले, शंका तिसऱ्या खेपेला आली. दिवे लख्ख लागलेले आणि दादा म्हणाला कुठे काय फरक, तेव्हा. शंभर वॅटचे मागायला आला तेव्हा खात्रीच झाली. माझं डोकंच फिरलं. आठ दिवस! आठ पहाटे तो माणूस त्या पोरींना गाडीत घालून आंधळ्यासारखा नेत होता, आणि तुम्ही तोंड शिवून बसलात? त्याच्याशी बोलायची तुम्हाला लाज वाटली, समजलं, पण मला का नाही सांगितलंत?

“दोनदा वर आलो होतो सांगायला,” हे म्हणाले.

आले होते. पहिल्यांदा मी उठून बाहेर गेले. दुसऱ्यांदा हे स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले, दादांबद्दल बोलायचंय, आणि मी मिक्सर लावला. हे जाईपर्यंत चालू ठेवला. त्यात काहीही नव्हतं.