न उघडलेली पट्टी

आईच्या खुब्याचं हाड मोडलं तेव्हा साठचं दशक अर्ध्यावर आलं होतं. अकोल्यातल्या एका लहान इस्पितळात शस्त्रक्रिया ठरली. मोडलेला भाग काढून तिथे पोलादी गोळा बसवायचा होता. गोळा मुंबईहून आला. तो एकच होता. डॉक्टरांनी आधीच सांगितलं, आत पू झाला तर गोळा काढावा लागेल, आणि मग आई चालू शकणार नाही.

उन्हाळा होता. दहा वाजले की शहरावर धूळ चढायची, म्हणून वेळ पहाटेची ठरली. इस्पितळातली सिस्टर पन्नाशीची, कमी बोलणारी. तिने आदल्या दिवशी शस्त्रक्रियेच्या खोलीतला पंखा उतरवला, भिंती साबणाने धुतल्या, खिडक्यांच्या फटींवर खळीने कागद चिकटवले. कापडं भरलेला डबा स्टोव्हवरच्या वाफेच्या भांड्यात ठेवून ती घड्याळासमोर उभी राहिली. वेळ भरेपर्यंत तिने कोणाच्याही हाकेला मान वळवली नाही.

शस्त्रक्रिया झाली. वर जाड पट्टी बांधली. ती बारा दिवस सोडायची नव्हती.

चौथ्या दिवशी अंजनगावहून आत्या आली, तेलात गरम केलेली हळद घेऊन. आमच्याकडे जखम रोज उघडून हळद भरत. न पाहणं म्हणजे हेळसांड. तिचा हात पट्टीकडे गेला तोच सिस्टरने मनगट धरलं.

"सोडा माया हात. चार दिवस झाले, जखम कोनं पायली?"

"कोनंच नाही."

"मंग चांगली हाये हे तुमाले सपनात दिसलं का?"

"कोनं पायली नाही, म्हनूनच चांगली हाये. लोनचं नासलं हे तुमाले कसं समजते, बाई?"

"वासानं."

"मंग घ्या वास. पन हात मांगं. आन् पट्टीले बोट लागलं तं अंजनगावची मोटार दाखवीन."

आत्याने हात पाठीमागे बांधले, वीतभर अंतरावरून वास घेतला. "फिनेल," ती म्हणाली. "दुसरं काई नाही."

त्यानंतर रोज सकाळी ती कोपरापर्यंत हात धुऊन वास घेई. सिस्टर ताप कागदावर लिही.

सातव्या दिवशी ताप वाढला. पट्टी उघडून पाहावी का, असं डॉक्टरांनीच विचारलं. सिस्टरने आत्याकडे पाहिलं. आत्याने मान हलवली: वास नाही. "एक दिवस थांबू, साहेब," सिस्टर म्हणाली. दुसऱ्या दिवशी ताप उतरला. कशाचा होता, ते कळलं नाही.

बाराव्या दिवशी पट्टी सुटली. आतला कापूस कोरडा, पांढरा होता. टाक्यांची रेघ शिवणीसारखी सरळ. कुठेही लाली नव्हती. एक स्टोव्ह, पाणी, साबण आणि घड्याळ, एवढ्यावर हे झालं होतं. आत्याने नकळत हात जोडले.

"पायलं ना? आता सरका," सिस्टर म्हणाली, आणि तिने आईच्या काखेत हात घातला. आईने पाय फरशीवर टेकवला. मग हळूहळू त्यावर भार दिला.